मोटारीचा ठाय

आता जे सांगणार आहे, ते माझ्या तोंडून आजवर कोणी ऐकलेले नाही. पत्नीने नाही, ती न ऐकताच गेली. मुलांनी नाही. आणि कौसाच्या मरणावरून माझ्याशी वाद घालायला जी माणसे आली — पुष्कळ आली — त्यांनी तर नाहीच. त्या प्रत्येकाला मी पुरून उरलो. वादात मला गप्प बसवील असा माणूस आमच्या शिवारात झाला नाही, हे मी आजही ताठ मानेने सांगतो. मग आजच का बोलतो आहे? काही विशेष घडलेले नाही. मीच माझ्यापुढे गप्प बसत नाही, एवढेच.

कौसा माझी धाकटी बहीण. आमचे गाव नरसीच्या पलीकडे, कयाधूच्या काठाला. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर जो उन्हाळा आला, त्याच्या तोंडाशी हळदीच्या शेतात तिला नाग चावला. मी तिला मोटारीत घालून हिंगोलीच्या दवाखान्यात नेत होतो. मोटार नदीच्या पात्रात बंद पडली आणि कौसा गेली. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद आहे तो मोटार का बंद पडली, यावर.

एक म्हणतात, नदीला पूर होता. हळद काढायच्या दिवसांत कयाधूला पूर? गुडघाभर पाणी होते. बैल त्यात उभे राहून निवांत पाणी पीत होते. दुसरे म्हणतात, आमच्या मालकांनी मोटार द्यायला टाळाटाळ केली, त्यात वेळ गेला. हे धादांत खोटे आहे. मालक जेवत होते, ‘कौसाला पान लागलं’, म्हणजे साप चावला, एवढे कानावर पडताच ते खरकट्या हाताने बाहेर आले आणि म्हणाले, “उभा काहून राहिलास? काढ की गाडी!” त्या माणसाबद्दल माझ्यासमोर कोणी वाकडा शब्द काढू नये. तिसरी कथा अलीकडची. गावातल्या शाळेत एका समारंभात कोणी भाषण ठोकले, की रझाकारांनी वाट अडवली म्हणून ती बाई दगावली. मी काठी टेकत उठलो आणि भर सभेत विचारले, “तुम्ही होता का तिथं? मी होतो.” रझाकारांनी पुढे जे केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, ते लपवण्याचे मला कारण नाही. पण त्या दिवशी त्या वाटेवर एकही रझाकार नव्हता. वक्ते खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या मी घेतल्या.

राहिली चौथी कथा. ती सर्वांत जुनी, आणि आमच्या घरात तीच चालत आली आहे: दाजींनी पाण्यात मोटार थांबवायला लावली म्हणून ती बंद पडली.

या कथेशी मात्र मी कधी भांडलो नाही. का भांडलो नाही — ते सांगण्यासाठीच तर बसलो आहे. पण आधी मोटारीचे सांगितले पाहिजे. टाळतो आहे असे वाटले, तर वाटू द्या.

मोटार मालकांची. विलायती, कापडी टपाची, हँडल मारून सुरू करायची. तिच्यासाठी मालकांनी मला नांदेडला एका उस्तादांकडे शिकायला ठेवले होते. परत आलो तेव्हा नरसीपासून कळमनुरीपर्यंत चाकाला हात लावणारे आम्ही मोजकेच होतो, आणि त्यांतही इंजिनाचे पोट उघडून पाहणारा मी एकटा. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

मोटार उभी असताना, पेट्रोलवरचा पाय काढल्यावर, इंजिन जे आपल्याशीच हळूहळू धडधडत राहते, त्याला आज ‘आयडलिंग’ म्हणतात. आमच्या गावात त्याला ‘ठाय’ म्हणत. हे नाव दाजींनी दिलेले. दाजी — कौसाचे यजमान, नारायणराव — भजनात मृदंग वाजवीत. मृदंगाची जी सर्वांत संथ लय, जिथून सगळे वाजवणे सुरू होते आणि जिथे परत येऊन टेकते, ती ठाय. इंजिन तसे धडधडताना त्यांनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाले, “पाव्हणं, ही तर ठाय लय हाये. बराबर ठाय.” तेव्हापासून गावभर तोच शब्द झाला.

हा ठाय लावायचे दोन स्क्रू कार्बोरेटरवर असतात. पाय काढला तरी पेट्रोलचा दरवाजा अगदी मिटू नये, म्हणून एक स्क्रू त्याला टेकण देतो. दुसऱ्याने हवा कमी-जास्त होते. इंजिन चांगले तापू द्यायचे. मग पहिला स्क्रू हळूहळू सोडायचा, चाल अडखळू लागली की दुसऱ्याने सावरायची, कान देऊन ऐकायचे, पुन्हा सोडायचा. कान असला तर इंजिन अशा संथ चालीवर येते की, बॉनेटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवावा आणि पाणी नुसते थरथरावे, सांडू नये. पण इथे उस्तादांची एक ताकीद होती. सगळे मनासारखे जमले, की पहिला स्क्रू जरासा परत कसायचा. “इंजन को ऊँघने दो मियाँ,” ते म्हणत, “सोने मत दो.” डुलकी चालेल, झोप नाही. तो जरासा जो कस, तो कानासाठी नसतो. तो वाटेसाठी असतो — थंड सकाळसाठी, चढावासाठी, ड्रायव्हरचा पाय चुकेल त्या घडीसाठी.

हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

कौसा गेली त्याआधीच्या एकादशीला मालकांच्या अंगणात भजन होते. दिवेलागणीची वेळ, मंडळी जमत होती, मी मोटार पुसून इंजिन चालू ठेवले होते — ऐकावे म्हणूनच ठेवले होते. दाजी मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावत बाजूला बसले होते. त्यांना थट्टेची लहर आली.

“पाव्हणं, तुमच्या यंत्राला पळणं येतं,” ते म्हणाले, “बसणं न्हाई येत. माझ्या ठायात बसवून दावा की.”

“तुमचा हातच दमंल, दाजी,” मी म्हणालो.

“बघू तर!”

त्यांनी ठेका धरला. इंजिनापेक्षा संथ. मी स्क्रू सोडला. त्यांनी आणखी उतरवला. माणसे भोवती गोळा झाली, टाळकरी हसू लागले. कौसा कडेवरच्या शांताला घेऊन ओसरीच्या खांबाशी उभी होती. शांता तेव्हा नुकती चालू लागली होती. आणि कौसा — माझी बहीण, जिला मी खांद्यावर बसवून बाजार दाखवला होता — टाळी वाजवून ओरडली, “हरला! दादा हरला! शांते, तुझा मामा हरला गं!”

सगळे हसले. तीही किती मनापासून हसत होती. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा हसण्याचे काय? मलाही आज तसेच वाटते. त्या वेळी मात्र ते इथे लागले. ती त्यांच्या बाजूची झाली होती, सर्वांसमोर, आणि तिला त्याचा आनंद होत होता.

मी बॉनेटमध्ये वाकलो आणि स्क्रू आणखी सोडला. हवेचा स्क्रू सावरला. पुन्हा सोडला. इंजिन अशा चालीवर आले की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाने ‘संपले’ म्हणावे, आणि मग तिसरा ठोका यावा. दाजींनी तेवढे उतरायचा प्रयत्न केला. त्या संथपणात हात तोलला जाईना, त्यांची थाप पुढे निसटली. त्यांनी मृदंगावरून हात उचलून मला जोडले. “जिंकलात, पाव्हणं!” खळखळून हसले. हरल्याचे त्या माणसाला काहीच वाटले नाही. कौसा नाक मुरडून म्हणाली, “मेली ही तुझी मोटार, दादा. श्वास घेऊन राहिली का न्हाई, तेच कळंना!”

मी जिंकलो होतो. इथे उस्तादांची ताकीद पाळून स्क्रू जरासा कसायचा, आणि विषय संपला. मी कसला नाही.

का? कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची माणसे ऐकायला येणार होती. ती आली. त्यानंतर आणखी कोणी आले. मी पेला भरून ठेवी, लोक वाकून पाहत, आणि मी बाजूला हाताची घडी घालून उभा राही. कळमनुरीच्या बाजारात मालकांना घेऊन गेलो, तिथे मोटार उभ्या-उभ्या विझली. मी हसलो, हँडल मारले, सुरू केली. वाटेत पेट्रोलवरचा पाय सुटू दिला नाही की झाले, असा मी हिशेब केला. म्हणजे बघा — मोटार विझते, हे मला कळले होते. कळूनही चार लोकांच्या ‘वा!’साठी मी तिला तशीच ठेवली.

मग ती दुपार आली.

कौसा आणि दाजी त्यांच्या शेतात हळद काढीत होते. कापलेल्या पाल्याचा ढीग तिने उचलला आणि त्याखाली नाग होता. दाजी तिला पाठीवर घेऊन धावत आले. दंश पायाला होता. त्यांनी आपल्या धोतराची पट्टी फाडून वर बांधली होती. तिला मागच्या गादीवर आडवी घेऊन ते बसले. मी मोटार हाणली. तशी मी ती कधीही हाणली नव्हती — आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. वाटेत ती बोलत होती. “दादा, डोळे उघडंनात रे,” म्हणाली. मग तिचे शब्द जड झाले. शांताला कोणाकडे दिले, असे काहीतरी विचारत होती, दाजींनी सांगितले, “मायपाशी हाये. तू बोलत राहा.”

नदी आली. मी पाण्यात मोटार घातली. मध्यावर पोचलो आणि मागून दाजींचा आवाज आला, “थांबीव! थांबीव जरा — तिचा जीव गुदमरून राहिला!”

तिच्या घशात लाळ साचली होती, ती गिळता येत नव्हती. तिला कुशीवर करून तोंड मोकळे करायचे होते, आणि त्या गचक्यांत ते जमत नव्हते. दाजींनी केले ते योग्य केले. पुढे डॉक्टरही तसेच म्हणाले. मी मोटार थांबवली आणि मागे वळून पाहिले — बहीण होती माझी, वळून पाहणार नाही तर काय? — आणि वळताना पेट्रोलवरचा पाय सुटला.

पाय सुटला, यात गुन्हा नाही. कोणाचाही सुटतो. योग्य चालीवर लावलेले इंजिन अशा वेळी धडधडत राहते. त्यासाठीच तर ती चाल असते. माझे इंजिन एकदा ठोकले, दुसऱ्यांदा ठोकले. तिसरा ठोका आला नाही.

धुराची नळी पाण्याखाली होती. इंजिन चालू असते तोवर धूर पाण्याला बाहेर लोटतो. ते थांबले आणि पाणी आत शिरले. मी उतरून हँडल मारत राहिलो. तळहाताची सालटी निघाली. दाजी मागून फक्त “कौसे, कौसे” करीत होते. शेवटी काठावर एक कडब्याची गाडी दिसली. तांड्यावरचा गाडीवान होता. त्याने हाक ऐकताच सगळा कडबा पाण्याच्या कडेला लोटून दिला. आम्ही कौसाला त्या गाडीत घातले. दाजी तिच्याबरोबर गेले. मी म्हणालो, “व्हा पुढं, मी मोटार सुरू करून गाठतो.”

गाडी वर चढली. मी पात्रात एकटा उरलो.

आता ऐका. मोटार सुरू करायची तर आधी ती काठावर घेऊन नळीतले पाणी काढायचे. तेच पहिले काम; ते मी झोपेतही सांगितले असते. मी बॉनेट उघडले. आणि माझा हात — पाण्याकडे नाही — कार्बोरेटरकडे गेला. खिशातून पेचकस काढून मी पहिला स्क्रू कसला. जरासा कसला, थांबलो, आणखी थोडा कसला; जिथे तो असायला हवा होता, तिथे आणून ठेवला. चढावावर बैलगाडीत माझी बहीण अजून जिवंत होती. आणि मी ओलेत्याने उभा राहून, कोणाला दिसू नये म्हणून, तो स्क्रू लावत होतो.

हे भीतीने झाले, दुःखाने झाले, भान नव्हते — असे मी एकेकाळी मनाशी घोळवून पाहिले. नाही. माझा हात एकदाही थरथरला नव्हता.

मग वाटसरूंनी मोटार ढकलून काठावर आणली, मी पाणी काढले, ती सुरू झाली. सुरेख धडधडत होती. मी हिंगोलीला पोचलो तेव्हा कौसाला दवाखान्याच्या व्हरांड्यात निजवले होते आणि तिचा श्वास थांबला होता. डॉक्टर म्हणाले, औषध होते. थोडे आधी यायला हवे होते.

तिन्हीसांजेला माय आली, मालकांनी दुसऱ्या कोणाच्या छकड्यातून पाठवली. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहून विचारले, “मोटार असून उशीर कसा झाला रे?”

मी म्हणालो, “दाजींनी पाण्यात थांबवायला लावली. तिथं बंद पडली.”

यातला एकेक शब्द खरा आहे. कोणत्याही कचेरीत मी त्यावर शपथ घेऊ शकतो. त्या खऱ्या शब्दांनी मी एक माणूस पुरला.

दाजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितले. मला वाटले, आता हे बोलतील; तो ठाय त्यांनीच तर ऐकला होता, त्याच्यापुढे हरले होते. त्यांनी मायकडे वळून म्हटले, “व्हय. म्याच थांबीव म्हणलो.” त्यांना मोटारीतले काही कळत नव्हते. आपणच मारले, असे त्यांना त्या क्षणी वाटले, आणि ते पुढे जन्मभर वाटत राहिले.

मालकांनी नंतर नांदेडहून मिस्त्री बोलावून मोटार दाखवली. तो म्हणाला, इंजिनात काही दोष नाही. नव्हताच.

मायने दाजींना आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. शांताला तिने ठेवून घेतले. दाजी सणावाराला दारात येऊन उभे राहत, हातात लेकरासाठी काहीतरी असे — भिंगरी, चुरमुऱ्याचा लाडू — आणि माय पोरीला आत ओढून घेई. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. मृदंगाला पुन्हा हात लावला नाही. शांता आमच्या घरी वाढली, ‘बापानं मायला मारली’ हे ऐकत वाढली. मी तिला जीव लावला. तिची शाळा, तिचे लग्न, सगळे माझ्या हातून झाले. लोक म्हणत, मामा असावा तर असा. तेही मी ऐकून घेतले.

मी आणि दाजी एकाच गावात राहिलो. पुष्कळ वर्षांनी एकदा हिंगोलीच्या बसस्टँडवर ते माझ्या शेजारी येऊन बसले. समोर एक एसटी उभ्या-उभ्या धडधडत होती. त्यांची बोटे गुडघ्यावर हलू लागली — एक, दोन थापा. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. आणि म्हणाले, “पाव्हणं, तुमची बहीण म्या नेली. तुमी मला कवा एक शब्द बोलला न्हाईत. तुमचं मोठेपण हाये.”

मी काय म्हणालो असेन, सांगा बरे? मी म्हणालो, “जाऊ द्या दाजी. होऊन गेलं. माझ्या मनात काही न्हाई.”

मी त्यांना क्षमा केली.

ते वाकले. आमच्याकडे मेहुण्याने दाजींच्या पाया पडायचे असते; आजवर कोणी उलटे पाहिलेले नाही. भर बसस्टँडवर त्या माणसाने माझ्या पायांवर डोके ठेवले. मी पाय मागे घेतले नाहीत.

दाजी गेले तेव्हा शांता माझ्याकडे आली होती. निरोप घेऊन माणूस आला, दारात उभा राहिला. तिची मुले अंगणात खेळत होती. ती पीठ मळत होती, तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि मला विचारले, “मामा, जाऊ का मी? शेवटचं तोंड बघून येऊ का?”

सगळे वाक्य जिभेवर होते. पहिला शब्द ‘स्क्रू’ असणार होता.

मी म्हणालो, “तुझ्या आईला काय वाटलं असतं, तेवढं बघ.”

तिने परातीपाशी परत जाऊन पीठ मळून घेतले. ती गेली नाही.